कमळची जागा

कमळ गेल्याचं मला मैदानावर कळलं. मुरबाडच्या आमच्या शाळेत त्या दिवशी सकाळची शाळा होती आणि शेवटच्या तासाला मी सातवीच्या मुलींना मैदानाच्या कडेकडेनं पळवत होते. ऑफिसातून शिपाईमामा चालत आले. एरवी ते लांबूनच हाक मारतात, त्या दिवशी जवळ येईपर्यंत बोलले नाहीत. "बाई, फोन आलाय. रामदास बोलतोय म्हनं, शेनव्याचा." रामदास म्हणजे कमळचा नवरा. त्याच आठवड्यात मी तिला ठाण्याच्या इस्पितळात भेटून आले होते, तेव्हा ती उठून बसली होती, माझ्याशी हसून बोलली होती. त्यामुळे घरी सोडल्याचं सांगायला फोन केला असेल असंच मला वाटलं. मी रिसीव्हर कानाला लावला, तर पलीकडे नुसता गाड्यांचा आवाज. मग तो म्हणाला, "बाई, कमळ नाय राहिली. आमी तिला घरी आनतोय." पुढे मी काय बोलले ते मला आठवत नाही. मैदानावर परत आले तर मुली अजून धावतच होत्या. थांबा असं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं...

नंतर आमच्या शाळेत तिच्या शोकसभेला सगळे जमले. जो उठला तो एकच बोलला, कमळला कुठंही उभी करा, ती निभावून न्यायची. हेडमास्तर म्हणाले, सोबतचे शिक्षक म्हणाले, आम्हा दोघींना खेळ शिकवणारे देसले सर या वयात शहापूरहून एसटीनं आले होते, तेही तेच म्हणाले. सगळे मनापासून बोलत होते आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. पण मला ते ऐकवेना. आज इतके आठवडे झाले, ते वाक्य मनातून जात नाही. ज्या माणसाला कुठंही उभं करता येतं, त्याची स्वतःची जागा कुठली असते? हा प्रश्न कमळलाही पडलेला होता. तिनं तो मला विचारलाही होता, आणि मला उत्तर देता आलं नव्हतं.

मी सापगावची, घरची भातशेती, वडील रोज आसनगावहून गाडी पकडून मुंबईला नोकरीला जाणारे. कमळ शेणव्याच्या वरच्या डोंगरातल्या पाड्यावरची. शहापूरला मुलींच्या वसतिगृहात राहून ती आमच्या शाळेत शिकत होती. वर्गात ती मागे बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही, कारण तिची घरची बोली ऐकून मुलं हसायची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देसले सरांनी शाळेत सॉफ्टबॉल आणला. तोवर आमच्याकडे खेळ म्हणजे कबड्डी आणि खो-खो. या नव्या खेळात नऊ जणी मैदानात असतात आणि प्रत्येकीची जागा नेमलेली असते. चेंडू टाकणारी पिचर, तिच्यासमोर बसून तो झेलणारी कॅचर, तीन बेसवरच्या, म्हणजे पळणारीनं गाठायच्या तीन खुणांवरच्या, तिघी, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे शॉर्टस्टॉप, आणि लांब मागे तिघी. मला सरांनी पहिल्याच दिवशी पिचर केलं आणि मी शेवटपर्यंत पिचरच राहिले. कमळ तेव्हा संघात नव्हतीच.

ती आली ती अचानक. आम्ही जिल्ह्याच्या स्पर्धेला ठाण्याला निघालो, त्या सकाळी आमची एक मुलगी तापानं आडवी झाली. आठ जणींना कोण खेळू देणार? सर वसतिगृहात गेले आणि तिथल्या बाईंना म्हणाले, पळता येईल अशी एक मुलगी द्या. त्यांनी कमळला पाठवली. शाळेच्याच स्कर्ट-ब्लाउजमध्ये ती आमच्याबरोबर बसली आणि ठाणं येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. मैदानात सरांनी तिला उजव्या हाताला अगदी मागे उभी केली, कारण तिकडे चेंडू क्वचितच जातो. "आला तर उचलायचा आणि नंदाकडे फेकायचा," एवढंच शिक्षण. नंदा म्हणजे मी. तिसऱ्या डावात समोरच्या मुलीनं उंच फटका मारला आणि तो नेमका तिकडेच गेला. कमळनं पळता पळता हातातला ग्लव्ह काढून टाकला आणि दोन्ही उघड्या हातांनी चेंडू झेलला. सर ओरडले, "अगं, ग्लव्ह का काढलास?" ती घाबरून म्हणाली, "सर, ते घातल्यावर माझा हात कुठं हाय तेच मला समजत नाय." सगळ्या हसल्या. सर मात्र हसले नाहीत. परतीच्या वाटेवर त्यांनी तिला पुढच्या सीटवर स्वतःशेजारी बसवलं.

तिथून पुढची चार-पाच वर्षं कमळ आमच्या संघात होती, आणि या वर्षांत ती कुठं खेळली असं कोणी विचारलं तर मला सगळ्याच जागांची नावं घ्यावी लागतील. शहराच्या शाळांमधून मुली वर्षानुवर्षं टिकतात. आमच्याकडे तसं नव्हतं. नववीत एखादी नापास झाली की तिची शाळा सुटायची. दहावी झाली की कोणाचं तरी लग्न ठरायचं. लावणीच्या दिवसांत तर अर्धा संघ चिखलात. कोणाचं लग्न ठरलं की कमळची जागा बदलायची, असंच चाललं होतं. पहिल्या बेसवरची गेली, कमळ पहिल्या बेसवर. शॉर्टस्टॉपची मुलगी वासिंदला मामाकडे शिकायला गेली, कमळ शॉर्टला. शॉर्टला ती इतकी सुरेख खेळू लागली की सरांनी तिला म्हटलंही होतं, आता तू इथलीच. महिनाभरात आमच्या कॅचरची सुपारी फुटली आणि सरांनी कमळच्या हातात मास्क दिला. त्या मास्कचा पट्टा तुटलेला होता, तो सुतळीनं बांधायचो. एकदा माझाच चेंडू बॅटला घासून तिच्या हनुवटीवर बसला. रक्त आलं. सर धावत गेले तर म्हणते, "दात हाय सर, जाग्यावरच हाय. हलतोय फक्त."

तिला याचं वाईट वाटायचं का? तेव्हा नाही. हे मला प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे, कारण ती गेल्यावर तिच्यावर सगळीकडून अन्यायच झाला असं लिहिणं सोपं आहे. एकदा नागपूरच्या स्पर्धेहून परत येताना, रेल्वेच्या खिडकीशी बसून भेळ खाता खाता, मीच तिला म्हटलं होतं की सर तुला नुसतं इकडून तिकडे फिरवतात. "नंदे, तू पिचर हायस, तुला काय," ती म्हणाली. "मला एकच जागा येत असती ना, तर पहिल्याच वर्षी ती ताप आलेली परत आली तवाच मी घरी गेली असती. मला समदं येतं म्हनून मी इथं हाय. माझ्या पाड्यावरचं कोनी नागपूर बघितलंय का?" आणि हे खरंच होतं. बाहेरून येणारी मुलगी आत टिकते ती बहुतेक वेळा अशीच, पडेल ते करून. ज्याला जे येत नाही ते आपल्याला येतं, एवढाच तिचा हक्क असतो.

पण मग राज्याच्या संघाची निवड झाली. आम्ही दोघी शेवटच्या चाचणीपर्यंत पोहोचलो होतो. टेबलामागे तीन माणसं बसली होती आणि एकेकीला पुढे बोलावून विचारत होती, तुझी जागा कोणती? मी म्हटलं, पिचर. माझ्यामागे कमळ. तिला विचारल्यावर ती म्हणाली, "सांगाल ती." मधल्या गृहस्थांना वाटलं, मुलीला प्रश्न कळला नाही. त्यांनी पुन्हा समजावून विचारलं, "म्हणजे तू नेहमी कुठं खेळतेस?" कमळनं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "जिथं कोन नसंल तिथं," ती म्हणाली. ते तिघं हसले. वाईट हसले नाहीत, कौतुकानंच हसले. तिला संघात घेतलं, राखीव म्हणून. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही कमळ राज्याचा ड्रेस घालून बाकावर बसली. कोणी लंगडत बाहेर आली की तिला दोन डाव आत पाठवायचे, ती बरी झाली की परत बोलवायचे. बाकावर बसल्या बसल्या ती मैदानातल्या नऊही जागांकडे टक लावून बघायची, कारण कुठली रिकामी होईल ते सांगता येत नव्हतं.

पुढे मी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि मुरबाडच्या शाळेत कायम झाले. कमळचं लग्न रामदासशी झालं. रामदास भला माणूस, शेती करतो आणि पावसाळा संपला की वीटभट्टीच्या गाडीवर जातो. तिच्या खेळाला त्यानं कधी आडकाठी केली नाही. शहापूर-मुरबाड भागातल्या शाळांतून कमळ तासांवर खेळ शिकवू लागली. शेणव्याहून एसटी धरायची, आज किन्हवली, उद्या सरळगाव, परवा आमच्याकडे. शाळेत ती गेली की खेळ राहायचा बाजूला. सहलीबरोबर जायला कोणी नाही, कमळताई जाईल. स्नेहसंमेलनाचा नाच बसवायचाय, कमळताईला सांगा. एखादी शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेली की तिच्या वर्गावरही कमळताई. मुली मला बाई म्हणायच्या, तिला मात्र सगळीकडे ताईच म्हणत. कायमची जागा निघाली की तिला सांगायचे, "तुमचं काय कमळताई, तुम्ही आपल्याच." आणि ती जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळायची.

दोन हजार सालानंतर आमच्या शाळेत दीपाली आली. टोकावड्याकडची, सडपातळ, सतत काहीतरी चघळत असलेली मुलगी. तिच्या हातात चेंडू आला की बघणारा दुसरीकडे बघायचाच नाही. कोण कुठं खेळणार ते आमच्या संघात कमळच ठरवायची, तिनं दीपालीला शॉर्टस्टॉपला उभी केली. दीपाली कॅचरही छान करायची, पहिल्या बेसवरही खेळायची, आणि मला तर तिच्यात लहानपणीची कमळच दिसायची. मी एकदा तसं म्हटलंही. कमळ म्हणाली, "म्हनूनच मी तिला हलवनार नाय. तिला जागा पायजे."

त्या वर्षी आम्ही जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोहोचलो. आम्ही पुढे होतो. पाचव्या डावात आमच्या कॅचरच्या अंगठ्याला चेंडू लागला आणि ती रडत बाहेर आली. मी कमळला म्हटलं, दीपालीला कॅचर म्हणून बसव, शॉर्टला दुसरी घेऊ. सरळ होतं ते. दीपाली स्वतःच पॅड बांधायला पुढे आली होती. कमळनं तिच्या हातातले पॅड काढून घेतले. "दीपाली शॉर्टलाच राहील," ती म्हणाली. मी म्हटलं, "कमळ, दोन डावांचा प्रश्न आहे." त्यावर ती ज्या आवाजात बोलली तो मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "माझा पन दोनच डावांचा प्रश्न व्हता, नंदा. दर खेपेला दोनच डावांचा." आठवीतली एक घाबरलेली मुलगी कॅचर म्हणून बसली. तिच्या हातून चेंडू सुटत गेले, समोरच्या मुली पळत राहिल्या, आणि आम्ही हरलो. गाडीत मी तिच्यापासून दूर जाऊन बसले. देसले सर तो सामना बघायला आले होते, त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "कमळ, हे तू कोणासाठी केलंस?" ती खिडकीकडे तोंड करून बसली होती.

आठवड्याभरात राज्याच्या संघाच्या चाचण्या झाल्या. दीपालीला विचारलं, तुझी जागा कोणती? तिनं ताठ मानेनं सांगितलं, शॉर्टस्टॉप. कमळनं शिकवलं होतं तसंच. ती खेळलीही फार चांगली. पण शॉर्टस्टॉपला नवी मुंबईची एक मुलगी तिच्याहून सरस होती, आणि उरलेल्या एका जागेसाठी त्यांना दोन-तीन ठिकाणी चालेल अशी मुलगी हवी होती. दीपालीचं नाव आलं नाही. ती कमळसमोर उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ताई, मला येत व्हतं ना समदं. तुमी मला बोलू का नाय दिलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच कमळ माझ्या घरी आली. मी चहा ठेवला. ती ओट्याला टेकून उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. "मी समदीकडं खेळली म्हनून मला जागा नाय," ती म्हणाली. "ती एकाच जागी खेळली म्हनून तिला जागा नाय. मंग पोरींना शिकवायचं तरी काय गो?" चहा उतू गेला. मी गॅस बंद केला, फडक्यानं पुसत राहिले. पुढे मी बऱ्याच प्रशिक्षकांना हे विचारलं. कोणी म्हणतं, लहान वयात सगळ्या जागा खेळवा, खेळ कळतो, संधी वाढते. कोणी म्हणतं, एक जागा पक्की करा, नाहीतर मूल सगळ्यांचं होतं आणि कोणाचंच होत नाही. दोघांचंही पटतं. पण या दोन्ही बोलण्यांत कमळ कुठे बसत नाही. शहरातली मुलगी सगळ्या जागा शिकली तर त्याला तयारी म्हणतात. आमची मुलगी शिकली की ती अडीनडीची होते. खेळ तोच, चेंडू तोच. फरक कुठं पडतो ते मला अजून नीट सांगता येत नाही.

त्यानंतर कमळ बदलली. दीपालीला तिनं सगळं शिकवलं, न बोलता, मन लावून. दीपाली पुढे कल्याणला कॉलेजात गेली. कमळच्या शाळा, एसटी आणि लोकांच्या रिकाम्या जागा चालूच राहिल्या. यंदा आमच्या मैदानावर तालुक्याची स्पर्धा होती. कमळला ताप होता. तिनं सकाळी चुन्याच्या रेषा आखल्या, दुपारी दोन सामन्यांना पंच म्हणून उभी राहिली, मधल्या वेळात एका गावच्या संघाबरोबर शिक्षकच आले नव्हते म्हणून त्या मुलींना धीर देत बसली. मी तिचा हात धरला तर चटका बसला. "घरी जा," मी म्हटलं. "कोन करील मंग?" ती म्हणाली. त्या वेळी तिचे डोळे मला पिवळे वाटले, पण धुळीनं असतील असं तीच म्हणाली. ती कावीळ होती, आणि ती अंगात फार आधीपासून मुरली होती. गावात झाडपाल्याचं औषध झालं, मग शहापूर, मग ठाणं.

ठाण्याला मी भेटले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला पाणी कोण देणार म्हणून रामदासला सारखी पाठवत होती. आम्ही जुनं बोलत बसलो. बोलता बोलता मी सहज विचारलं, "कमळ, तुला स्वतःला कुठली जागा आवडायची गं?" मग तिच्या सुकलेल्या तोंडावर असं हसू आलं की काय सांगू. "सेंटर फील्ड," ती म्हणाली. "अगदी मागं, मधोमध. तिथून समदं दिसतं. समद्या पोरी दिसतात, कोन कुठं चुकतेय ते दिसतं, मागं डोंगर असतो, वारा असतो... मी तिथं फार कमी खेळली गो. तिथं बहुतेक कोनतरी असायचंच." मी विचारलं, सरांना कधी का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "कोनी विचारलं नाय."

तिच्या दहाव्याला शेणव्याला दीपाली आली होती. आता ती विद्यापीठाच्या संघात आहे. मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, आमचे कोच विचारतात ना, तेव्हा मी सांगते, मला सगळं येतं, पण मी शॉर्टस्टॉप आहे. ताईंनी असंच सांगायला शिकवलंय." मला बरं वाटलं. मग मी विचारलं, "खेळवतात का?" दीपालीनं नजर वळवली. "अजून बाकावरच आहे," ती म्हणाली.

परवा संध्याकाळी मुलींचा सराव चालू होता. मी नेहमी पिचरच्या मागे उभी राहते, इतक्या वर्षांची सवय. त्या दिवशी का कोण जाणे, मी चालत चालत मागे गेले, बेस ओलांडून, गवतातून, पार मैदानाच्या टोकाला. सेंटर फील्डला मी आयुष्यात कधी उभी राहिले नव्हते. वळून बघितलं. पिचर, कॅचर, तिन्ही बेस, रस्त्यावरून चाललेली एसटी, कुंपणाशी बसलेली बाया-माणसं, सगळं एका नजरेत येत होतं. एका मुलीचा पाय चुकत होता, तो मला पहिल्यांदाच दिसला. पाठीशी डोंगर होता, वारा होता. तेवढ्यात शॉर्टस्टॉपवरची पोरगी माझ्याकडे वळली आणि डोळ्यांवर हात धरून ओरडली, "बाई, तिथं काय करताय? इकडं या ना. तिथनं तुमचं तोंडच दिसत नाय आमाला."

मी हात वर केला, खेळा म्हटलं, आणि तिथेच उभी राहिले.